सोमवारचा थेंब

सरांच्या मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं. गळ्यात स्टॉपवॉच असायचं, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडे असतं तसलं, काळ्या दोरीत ओवलेलं. किती वाजले असं विचारलं तर ते खिडकीबाहेर बघून अंदाजे काहीतरी सांगत आणि तो अंदाज तासाभराने तरी चुकलेला असे. पण किती वेळ झाला हे विचारा, सेकंदासकट सांगत. अण्णा नगरला मेट्रोत बसून, आलंदूरला गाडी बदलून गिंडीला उतरेपर्यंतचा वेळ. कॉफीचं डिकॉक्शन गळायला लागलेला वेळ. माझ्या फोनचा वेळ. "अठरा मिनिटें आईशीं बोललीस," त्यांनी मला एकदा सुनावलं, "त्यांत चार वेळां तिनें जेवलीस कां विचारलें. एकदां बरोबर सांगितलें असतेंस तर पंधरा मिनिटांत झालें असतें."

माझी मुलाखतही त्यांनी स्टॉपवॉच लावूनच घेतली. मी कराडहून दोन रात्री न झोपता तयारी करून आले होते, फाइलमध्ये सगळी प्रमाणपत्रं लावून. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. एक पिपेट, पाण्याचा ग्लास आणि तराजू पुढे ठेवला, आणि म्हणाले, शंभर थेंब सोड, प्रत्येकाचं वजन लिही. मी सोडत होते, ते समोर बसून बघत होते. साठाव्या थेंबानंतर माझा हात भरून आला आणि मी पिपेट खाली ठेवून बोटं झटकली. तेवढ्यावर म्हणाले, "सरी, पोदुम. ठीक, पुरे. उद्यांपासून ये." नंतर कळलं, आधीच्या दोघांनी हात दुखत असताना शंभर पुरे केले होते आणि शेवटचे चाळीस थेंब भलतेच भरले होते. मी दमले तिथे थांबले, म्हणून मला घेतलं. ह्या कौतुकाला मी पुढे किती लायक ठरले ते सांगेनच.

आमचं युनिट म्हणजे गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतला एक पहिला मजला. सर, मी, अक्का नावाने सगळे हाक मारत ती आमची टेक्निशियन आणि हिशेबाला आठवड्यातून दोनदा येणारे एक गृहस्थ. खाली लेथचं वर्कशॉप होतं. लेथ चालू असली की वरचा तराजू थरथरायचा आणि आकडा स्थिरच होत नसे. त्यामुळे आमची सगळी वजनं खालची माणसं जेवायला बसली की, त्या अर्ध्या तासात. आम्ही जेवायचो त्यानंतर. एकदा खालच्या मालकाने कामगारांना घरगुती समारंभाचं जेवण दिलं आणि ते पाऊण तास जेवले, तर सर त्या आनंदात आठवडाभराची वजनं करून मोकळे झाले आणि खाली जाऊन मालकाला म्हणाले, असे समारंभ वरचेवर करा.

सर तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलली गेली होती, पण महाराष्ट्राशी तिचा संबंध राहिला नव्हता. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी जुनी बखर वाचून दाखवतंय आणि मधे मधे तमिळमध्ये खोकतंय. लवकरला 'बेगीं' म्हणत, आणि प्रत्येक वाक्य शेवटी तमिळसारखं वर उचलत. माझी मराठी त्यांना इंग्रजीची पातळ आमटी वाटायची. मी 'टेन्शन घेऊ नका' म्हटलं की ते विचारत, "काय घेऊं नको? कुठें ठेवलें आहे तें?"

त्यातून त्यांची ती लेबलं. फ्रीझरमधल्या प्रत्येक नळीवर ते मोडीत लिहायचे. आजोबांनी शिकवली होती म्हणे. कारण विचारलं तर सांगत की छोट्या लेबलावर मोडी जास्त मावते. खरं कारण अक्काने सांगितलं: मोडी कुणाला वाचता येत नाही, म्हणून कुणी काही फेकू शकत नाही. सरांना नळी फेकणं हा गुन्हा वाटायचा. तीन फ्रीझर गच्च भरले होते आणि चौथा घ्यायचं चाललं होतं. "तूं मराठी ना?" मला म्हणाले. "मग वाच." मला एक अक्षर लागेना. पुढे तीन महिने घालवून मी मोडी शिकले, ती केवळ त्या दिवशीच्या त्यांच्या चेहऱ्यापायी.

आता कामाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मूत्रपिंडं नीट चालली नाहीत की रक्तात क्रिएटिनिन वाढतं. ते घरच्या घरी, बोटातल्या एका थेंबात मोजता यावं अशी कागदाची पट्टी सर बनवत होते. त्यासाठी तीन प्रोटीनं लागतात. पहिलं क्रिएटिनिन फोडून जे बनवतं ते दुसऱ्याला लागतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, आणि तिसऱ्याच्या कामातून पट्टीवर रंग उमटतो. जितका गडद रंग तितकं क्रिएटिनिन जास्त. तिन्ही मोकळी सोडली तर एकाचा माल दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत वेळ जातो आणि रंग फिका येतो. म्हणून सर तिघांना एका रांगेत जोडत होते, म्हणजे काम हातोहात व्हावं. जोडायचं ते गोंदाने नव्हे, एका एन्झाइमने. एका प्रोटीनच्या शेपटाला ठरावीक खूण असते आणि दुसऱ्याच्या डोक्याशी ग्लायसीन नावाचं छोटंसं अमिनो आम्ल. हे एन्झाइम खूण ओळखतं, तिथे शेपूट कापतं आणि त्या जागी दुसऱ्याचं डोकं बांधून टाकतं. सर त्याला भटजी म्हणत. त्यामुळे अक्काही भटजी म्हणे, आणि हिशेबाचे गृहस्थसुद्धा खरेदीच्या वहीत तसंच लिहीत.

आता ह्या भटजीची एक खोड आहे. बांधल्यावरही ती खूण जागेवर राहते, म्हणून त्याच भांड्यात तो राहिला तर बांधलेलं पुन्हा कापू लागतो. सर म्हणायचे, "लग्न लागलें कीं भटजीनें दक्षिणा घेऊन बेगीं निघावें. राहिला, जेवला, झोपला, तर उठून पहिलें काम काडीमोडाचें करील." म्हणून जोडणी झाली की सगळं मिश्रण निकेल लावलेल्या मण्यांमधून गाळायचं. भटजी मण्यांना चिकटून वर राहतो, जोडलेल्या तिघांची साखळी खाली उतरते. जग हे एकदा करतं. सर दोनदा करायला लावत, आणि छापील तक्त्यात दोन चौकोन होते, एक एक गाळणीनंतर टिक करायला.

आणि सोमवारचा थेंब. दर सोमवारी आल्या आल्या, कॉफीच्या आधी, सर स्वतःचं बोट टोचायचे. दोन-चार थेंब नळीत, एक थेंब पट्टीवर. स्टॉपवॉच दाबायचे, बरोबर तीन मिनिटांनी रंग तक्त्याशी ताडायचे, आकडा वहीत लिहायचे आणि नळीवर मोडीत तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे. आधी मला वाटलं, चाचणीला आयतं रक्त म्हणून. मग आकडे पाहिले. दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक एक. निरोगी माणसाचं एकाच्या आसपास असतं. सर स्वतःच रोगी होते आणि त्यांची मूत्रपिंडं हळूहळू कामातून जात होती. नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांनी त्यांना केळं, शहाळ्याचं पाणी, असं बरंच काही बंद केलं होतं. सर पथ्य पाळत होते आणि स्वतःचा आकडा तिऱ्हाइताचा असल्यासारखा लिहीत होते. बाकी प्रत्येक चाचणीबरोबर ते ठाऊक ताकदीचं द्रावण ताडून बघायला लावत. स्वतःच्या थेंबाबरोबर मात्र नाही. इतकी वर्षं स्वतःला मोजतोय, आपलं आपल्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या डिसेंबरात वादळाचा इशारा आला. दुपारी बारापर्यंत सगळ्यांनी घरी जावं म्हणून वसाहतीत गाडी ओरडत फिरत होती आणि माझ्या हातात नुकती जोडलेली नवी बॅच होती. अक्काच्या घरात पाणी शिरतं म्हणून ती अकरालाच गेली होती. मी एकदा गाळलं. दुसऱ्यांदा गाळायला पाऊण तास हवा होता. खालून लेथवाल्यांनी शटर ओढल्याचा आवाज आला. मी साखळीत नेहमीप्रमाणे ग्लायसीन घातलं, कारण त्याने ती फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकते, बाटली ठेवली आणि निघाले. तक्त्यातले दोन्ही चौकोन मी सकाळीच टिक करून ठेवले होते. माझी ती सवयच होती, वेळ वाचवायची. वादळ चार दिवस चाललं, मग निस्तरण्यात आणखी चार दिवस गेले, आणि तो चौकोन माझ्या डोक्यातून साफ गेला.

त्या बॅचमधून अक्का दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या पट्ट्या भिजवायची. आणि सरांचा आकडा उतरू लागला. तीनवरून दोन पूर्णांक आठ. मग दोन पूर्णांक पाच. मग दोन पूर्णांक दोन. सर तीन आठवडे काही बोलले नाहीत. चौथ्या सोमवारी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि लाजल्यासारखं हसले. "आकडा उतरतो आहे, पोरी." मीही हसले, मनापासून. इतका भला माणूस बरा होतोय ह्यात शंका कशाला घ्यायची? त्यांची मुलगी, जिच्याकडे ते अण्णा नगरला राहत, तिने पोंगलच्या सणाला त्यांना पोटभर वाढलं. डॉक्टरांची तारीख त्यांनी आपणहून पुढे ढकलली. आणि गिंडी स्टेशनबाहेर इळनीर, म्हणजे शहाळं विकणाऱ्या बाईशी दोन वर्षांनी बोलणं पुन्हा सुरू केलं.

जानेवारी संपता संपता, एका गुरुवारी, मी महिन्याची ताडणी करायला बसले; डिसेंबरची वादळाचं निस्तरण्यात राहून गेली होती आणि त्या बॅचवर सरांच्या थेंबाखेरीज दुसरी चाचणी झाली नव्हती. ठाऊक ताकदीचं द्रावण, नवी पट्टी, तीन मिनिटं. रंग फिकाच. पुन्हा केलं. तेच. मग त्या बाटलीतली साखळी जेलवर पळवून पाहिली, त्यात लहानमोठे तुकडे वेगवेगळ्या उंचीवर रेघा होऊन दिसतात. जिथे एकच जाड रेघ दिसायला हवी होती तिथे निरनिराळ्या उंचीवर चार-पाच दिसत होत्या, आणि सगळ्यांत खाली एक बारीक, फिकट. ती मी ओळखली. भटजी बाटलीतच राहिले होते. टिकावं म्हणून मीच घातलेलं ग्लायसीन हाताशी घेऊन साखळी कापत होते आणि मोकळ्या टोकाला ते बांधत होते, गेले सात आठवडे. एरवी ग्लायसीन निरुपद्रवी असतं, कारण कापणारा तिथे नसतो. आकडा सरांचा उतरत नव्हता. पट्टीचा उतरत होता.

मी तक्ता काढून त्या दोन टिका बघत बसले.

शुक्रवारी सांगायचं ठरवून आले. सर त्या दिवशी भलत्याच खुशीत होते. जेवणानंतर आम्हा दोघींना खाली घेऊन गेले आणि स्टेशनबाहेर तीन शहाळी घेतली. अक्काला सांगत होते की दोन वर्षांत ह्या पाण्याची चव बदलली की आपली जीभ बदलली ते समजत नाही. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला शहाळ्यातलं पोटॅशियम हृदयापर्यंत नडू शकतं, हे मला पाठ होतं. मी स्ट्रॉ तोंडात धरून उभी राहिले. त्यांनी दुसरं मागवलं तेव्हाही मी माझं पीतच राहिले. माझ्या आयुष्यात मी स्वतःला इतकी कधीच आवडेनाशी झाले नव्हते.

शनिवार-रविवार मी युनिटमध्ये बसून नवी बॅच केली. दोनदा गाळली. तिसऱ्यांदाही गाळली, कुणी सांगितलं नसताना. जणू चोख बॅच पुढे ठेवली की बाकीचं आपोआप सांगितलं जाणार होतं.

सोमवारी सरांनी सुई काढली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावत होते.

"सर, टोचू नका. त्या बॅचची पट्टी खोटी सांगते. भटजी राहिलाय बाटलीत. मी एकदाच गाळलं होतं."

त्यांनी सुई खाली ठेवली. "तक्त्यांत दोन टिका आहेत."

"त्या मी आधीच केल्या होत्या."

त्यांनी तक्ता काढून त्या टिका बघितल्या. मग फ्रीझरशी गेले आणि डिसेंबरपासूनच्या सगळ्या सोमवारच्या नळ्या घेऊन आले. मी मोडीतल्या तारखा वाचून त्या रांगेत लावल्या. नव्या बॅचच्या पट्ट्या मी भिजवल्या होत्याच. त्यांनी ठाऊक द्रावणही मागून घेतलं, ते प्रथम ताडलं, बरोबर आलं. मग एकेक नळी. ते रंग बघून आकडा म्हणत, मी लिहीत होते. तीन पूर्णांक दोन. तीन पूर्णांक चार. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक नऊ. चार पूर्णांक एक. त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही, माझं अक्षर मात्र वाकडं होत गेलं. शेवटच्या आठवड्याची नळी चार पूर्णांक आठ दाखवत होती. त्यांनी कागद घेऊन ठिपके जोडले.

"सरळ रेघ," म्हणाले. "पट्टी चांगली झाली आहे." आणि खरोखर समाधानाने कागद ताठ करून ठेवला. मला रडू आलं.

"तुला केव्हां समजलें?"

"गुरुवारी."

"गुरुवारीं." त्यांनी बोटं मोजली. "चार दिवस. शुक्रवारीं तूं माझ्या समोर उभी राहून इळनीर पीत होतीस."

"हो."

"गाळणें चुकलें, तें सरी. हात आहे, वादळ आहे, चुकतें. टिक केलीस तें वाईट, पण तेंही समजतें. चार दिवस कां?"

"तुम्ही खूश होता, सर."

"अय्यो," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्यां डॉक्टरकडे जाऊं. तूं येशील. मी सांगितलें तर मी माझी बाजू राखून सांगेन. तूंच सांग."

मंगळवारी नुंगंबाक्कमला मी डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. अडखळत्या तमिळमध्ये, अडले तिथे इंग्रजीत: एक गाळणी, दोन टिका, सात आठवडे, शहाळी. सर शेजारी बसून छताकडे बघत होते. डॉक्टरांनी लगेच रक्त काढायला सांगितलं, पोटॅशियमवर औषध लिहून दिलं, डायलिसिसची तयारी आत्तापासून करावी लागेल असं सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून त्यांना विचारलं, ही मुलगी का तुमची?

"मुलगी घरीं आहे," सर म्हणाले. "तिला मी सांगतो."

बुधवारी ते युनिटला आले, नेहमीसारखे. डबा उघडला तर त्यात मुलीने केळफुलाची भाजी दिली होती, पथ्याबाहेरचीच. त्यांनी झाकण लावलं आणि अक्काला डबा दिला. गुरुवारीही दिला. शुक्रवारी अक्काने मला बाजूला घेऊन विचारलं की सरांचं पोट बिघडलंय का, मुलीचा फोन आला होता, बाबा घरी जेवत नाहीत, पोट ठीक नाही म्हणतात. मी काय सांगणार? म्हटलं, त्यांनाच विचार.

शनिवारी मी पट्ट्या भिजवत होते. सर आत आले, पंख्याखाली उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज सकाळीं सांगितलें तिला."

"रडली?"

"नाहीं. तिनें विचारलें, तुम्हांला केव्हां समजलें."

मी पट्टी हातात धरून थांबले.

"सोमवारीं म्हटलें." त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसले. "माझे पांच दिवस झाले, पोरी. तुझे चारच होते."